प्रेस निवडत होतो तो ऑक्टोबर

सोसायटीच्या फाटकापाशी सप्तपर्णी फुलली की मला आधी बरं वाटतं, आणि लगेच मागोमाग ओशाळायला होतं. द्वारकेत आता ही झाडं जागोजागी आहेत. ऑक्टोबरात संध्याकाळी मेट्रोतून उतरून घराकडे चालू लागलं की तो दाट, गोडसर, जरा डोकं जड करणारा वास अंगावर येतो. शेजारच्या चावलाबाई नाकाला ओढणी लावतात. मी पावलं सावकाश टाकते. कुणाच्या तरी गॅलरीत रजया उन्हात टाकलेल्या असतात, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत असतो. रामलीलेच्या मंडपात कुणीतरी माइक तपासत असतं. उकाडा गेलेला, धूर अजून यायचा आहे. दिल्लीचा वर्षातला हाच काय तो दयाळू महिना. आणि खूप वर्षांपूर्वी याच महिन्यात आमचे मित्र रशीद मुजावर यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. त्या हंगामाची आठवण आली की मला सगळ्यात आधी त्यांचा हात आठवायला हवा. तसं होत नाही. आधी आठवतात ते आमचे रविवार.

तेव्हा आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी एका मंत्रालयात अनुवादक, माझा नवरा श्रीकांत दुसऱ्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. आमची ओळख बसथांब्यावरची, लग्न दिल्लीतच झालेलं, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. रशीद श्रीकांतच्या सेक्शनमध्ये स्टेनो होते. मूळचे मिरजेचे. मी त्यांना रशीदभावजी म्हणायची, ते मला वहिनी. टाइपरायटरवर त्यांची बोटं अशी पळायची की नवीन आलेले शिपाई दारात उभे राहून बघत बसायचे.

रशीदभावजींच्या घरात शोभेची दारू करण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. उरुसाला, जत्रेला, लग्नाच्या वरातीला त्यांच्या आजोबांची दारू उडायची. नोकरीमुळे ते दिल्लीला आले, पण हात स्वस्थ बसेनात. त्यांची बायको नसीम गाझियाबादकडची. तिच्या भावाचा तिकडे शहराबाहेर, उसाच्या शेतांपलीकडे, फटाक्यांचा छोटा, परवाना असलेला कारखाना होता. सुटीच्या दिवशी तिथे कामगार नसत. तेव्हा एका शेडमध्ये रशीदभावजी आपली हौस भागवून घेत, आणि श्रीकांत त्यांच्या हाताखाली. विकायचं काही नसे. चार-सहा बाण, एखादं ठिणग्यांचं झाड, बस्स.

त्यांचा बाण फुटत नसे. तो वर जायचा, क्षणभर थबकायचा, आणि मग त्याच्यातून सोनेरी बट सुटल्यासारखी होऊन सावकाश खाली उतरायची. अगदी शेतांच्या जवळ येऊन विझायची. आवाज नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आवाज कशाला हवा, वहिनी? तो ऑफिसात रोज असतोच की."

बाणाच्या नळीत दारू ठासून बसवावी लागते. रशीदभावजी ती वडिलांसारखीच लाकडी हातोडीने ठोकून बसवत. नसीमला ती ठकठक ऐकवत नसे. हायड्रॉलिक प्रेसमध्ये ठोका नसतो. दांडा खाली-वर केला की तेलाच्या दाबाने लोखंडी दट्ट्या मुकाट खाली उतरतो, आणि माणूस जाड पारदर्शक पडद्याच्या आड उभा राहतो. त्याने धोका संपत नाही, पण माणूस आणि धोका यांच्यामध्ये काहीतरी येतं. त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता दोघांचं ठरलं, की आता प्रेस घ्यायची. श्रीकांत म्हणाला, "ती मी आणणार. माझ्याकडून तुला." रशीदभावजी नको नको म्हणत राहिले, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

आता श्रीकांतबद्दल सांगायला हवं. या माणसाने तोवर आयुष्यात काही निवडलंच नव्हतं. नोकरी परीक्षेच्या निकालाने दिली, क्वार्टर खात्याने दिलं. फोनचा नंबर लागला तेव्हा फोन आला, गॅसचा लागला तेव्हा गॅस. स्कूटर आली ती हिरवी होती, म्हणून आमची स्कूटर हिरवी. आणि मग बघता बघता बाजार उघडला. साउथ एक्स्टेंशनच्या दुकानांत फ्रिज ओळीने उभे राहिले. टीव्हीच्या दुकानात गळ्यात टाय घातलेला मुलगा हात जोडून विचारू लागला, "सर, कौन सा लेंगे?" हा प्रश्न श्रीकांतला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. पंचेचाळिशीच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी शाळकरी पोरासारखा आनंद बघितला तो तेव्हा.

अजमेरी गेटजवळ यंत्रांची दुकानं आहेत. ग्रीसचा, नव्या रंगाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. पहिल्याच दुकानात म्हाताऱ्या सरदारजींनी आम्हाला एक प्रेस दाखवली. निळी, ठेंगणी, चार खांबांची. दट्ट्याखाली विटेचा तुकडा ठेवून ते मला म्हणाले, "बहनजी, आप चलाइए." मी पर्स श्रीकांतच्या हातात दिली आणि दांडा ओढला. हाताला काही जोर लागला नाही. वीट मात्र एकदम खचली, तिचं पीठ झालं. मी इतक्या मोठ्याने हसले की बाहेरचे हमाल आत डोकावले. श्रीकांत म्हणाला, "छान आहे. पण दुसरीकडे बघू तरी एकदा."

मग सुरू झाले आमचे रविवार. कश्मीरी गेट, चावडी बाजार, प्रगती मैदानावरचं यंत्रांचं प्रदर्शन, एकदा तर फरिदाबादच्या एका कारखान्यापर्यंत गेलो. कुठे सांगाडा वेल्डिंगचा होता, कुठे नटबोल्टांचा. कुठे दाबाचा काटा उभ्या माणसाला दिसेल असा होता, कुठे वाकून बघावा लागे. श्रीकांत सगळं विचारायचा, सगळं हाताळायचा, आणि बाहेर पडलं की सायकलरिक्षात बसून मला समजावून सांगायचा. त्याच्या मांडीवर माझी पर्स आणि माहितीपत्रकांचा गठ्ठा. जुन्या दिल्लीत आम्ही उभ्यानेच नागोरी पुऱ्या आणि हलवा खायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण घर, मुलं, ऑफिस, पाहुणे यांच्याबाहेर आम्ही दोघंच असे कधी हिंडलोच नव्हतो.

"तुला निवडायला मात्र मी इतका वेळ लावला नव्हता," तो एकदा म्हणाला.

"तेव्हा दुसरी मिळत नव्हती," मी म्हटलं, आणि रिक्षावाल्याला काही कळलं नसतानाही तो आमच्याबरोबर हसला.

असाच एक दिवस नसीम मला सरोजिनी नगरच्या बाजारात भेटली. स्वेटरांचे ढीग नुकतेच लागले होते. ती एक स्वेटर उलटा करून शिवण बघत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भाभी, भाईसाहब से कहिए ना, जो मिले वही ले आएँ. ये हर इतवार ठोकने बैठ जाते हैं. मेरा दिल बैठा जाता है."

मी त्याच संध्याकाळी श्रीकांतला सांगितलं. तोही म्हणाला, "खरंय तिचं. या रविवारी घेऊनच टाकू." आणि त्या रविवारी कश्मीरी गेटच्या दुकानदाराने सांगितलं की दसऱ्यानंतर नवं मॉडेल येतंय, दोन टप्प्यांच्या पंपाचं. आधी हलकं आणि भराभर उतरतं, मग जोर धरतं. श्रीकांतने माझ्याकडे पाहिलं. "इतके दिवस थांबलो, अजून थोडे." मी हो म्हटलं. कुणी विचारलं तर सांगेन की मला यंत्रातलं काय कळतंय. पण माझ्या मनात तेव्हा एवढंच आलं होतं, की म्हणजे पुढचा रविवारही आहे.

त्याच दिवसांत द्वारकेच्या फ्लॅटचा ताबा मिळाला. तेव्हाची द्वारका म्हणजे अर्ध्या इमारती, अर्धं माळरान. पाणी टँकरने यायचं. सकाळी बांधकामाच्या विटांवर मोर बसलेले असायचे आणि विमानं इतक्या खालून जायची की त्यांची चाकं दिसायची. दिवाळीआधी वास्तुशांत करायचं ठरलं. रशीदभावजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या घराला बाण माझे."

श्रीकांत म्हणाला, "अरे, प्रेस येईपर्यंत थांब ना."

"तुझी प्रेस येईल तेव्हा येईल. वास्तुशांत थांबणार आहे का?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुटी होती. श्रीकांत आणि मी द्वारकेच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये उभे होतो. रंगाऱ्याने दिलेलं रंगांचं कार्ड श्रीकांतने भिंतीला लावून धरलं होतं, आणि बदामी आणि फिकट बदामी यांतला फरक मला दाखवत होता. तेवढ्यात कंत्राटदाराचा माणूस जिन्यावरून धावत आला. खाली त्यांच्या ऑफिसात फोन आला होता. रशीदभावजी शेडमध्ये एकटेच होते. हातोडीच्या घावाखाली नळी पेटली होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नसीम बाकावर बसली होती. तिच्या ओढणीला जळका वास येत होता, हॉस्पिटलच्या दारात त्यांना गाडीतून उतरवताना लागलेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला. डाव्या हाताची तीन बोटं गेली, डाव्या कानाचं काही खरं नाही. श्रीकांत भिंतीला टेकून उभा होता. तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "कुठली घ्यायची ते अजून ठरलं नव्हतं."

दुकानं उघडल्यावर पहिल्या दिवशी तो अजमेरी गेटला गेला आणि सरदारजींकडची ती निळी प्रेस घेऊन आला. भाव केला नाही, दांडा ओढून बघितला नाही. टेम्पोतून ती द्वारकेला आणली, मजुरांकडून गॅलरीत ठेवून घेतली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. वास्तुशांत झाली, भटजी आले, जेवणं झाली. येणारा जाणारा विचारायचा, चादरीखाली काय आहे? मी म्हणायची, यांचं काहीतरी सामान.

रशीदभावजी कामावर परतले, ते आवक-जावकच्या टेबलावर. सेक्शनमध्ये नेमके तेव्हाच कॉम्प्युटर येऊ लागले होते. लोक त्यांना समजावायचे, टाइपरायटर आता तसेही जाणारच होते. श्रीकांत हे सगळं ऐकायचा. तो त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा, पण दुपारचा डबा खायला त्यांच्याजवळ जाईना. घरी येऊन माझ्याशीही बोलत नसे. मी चहा ठेवायची, तो प्यायचा. एकदा म्हणाला, "त्या पहिल्या दुकानात आपण हसत होतो." हसले तर मीच होते.

थंडी संपता संपता एका दुपारी रशीदभावजी आणि नसीम न कळवता द्वारकेला आले. दोन बस बदलून. रशीदभावजी सरळ गॅलरीत गेले आणि उजव्या हाताने चादर ओढली.

"सरदारजींची ना ही? तू सांगायचास ती?"

श्रीकांतने मान डोलावली. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी घेतली असती तर..."

"तर काय? मला घाई होती. प्रेस शेडमध्ये असती तरी मी त्या दिवशी हातोडीच उचलली असती."

"खरं सांगतोस?"

रशीदभावजींनी थोडा विचार केला. "मला काय माहीत, श्रीकांत. पण असं म्हटलं की मला झोप लागते. तूही म्हणून बघ."

श्रीकांत तिथेच खाली बसला, यंत्राच्या पायाशी, आणि लहान मुलासारखा रडला. मी स्वयंपाकघरात निघून आले. नसीम माझ्या मागे आली. तिने ओट्यावरचा डबा उचलला, पुन्हा जागेवर ठेवला. "मैंने कहा था न, भाभी," ती म्हणाली. "कहा था न, जो मिले ले लीजिए." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "हाँ, कहा था." आणि साखर शोधू लागले, जी माझ्या समोरच होती.

बाहेर रशीदभावजी श्रीकांतला सांगत होते, की भरायचं काम त्यांना एका हाताने जमेल, पण दांडा ओढायला दुसरं कुणीतरी लागेल. "येशील का?"

तो गेला. पुढच्या शरदात प्रेस गाझियाबादच्या शेडमध्ये बसली. तिच्यापुढचा पडदा श्रीकांतने मिळेल तितका जाड लावून घेतला. आणि पुढे कित्येक वर्षं हे दोघं रविवारी तिथे जात राहिले, एक जण भरायचा, दुसरा दांडा ओढायचा. मी आणि नसीम कधीमधी जायचो. अंधार पडू लागला की उसावर ती सोनेरी बट उतरायची. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहायचो, पण पूर्वीसारखं बोलणं होत नसे. बाण वर गेला की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. श्रीकांतची होत नसे. वात पेटवून रशीदभावजी चालत आमच्यापाशी परत येईपर्यंत तो त्यांच्या हाताकडेच बघत राहायचा, आणि तोवर वर काही उरलेलं नसायचं.

एक गोष्ट मात्र कायमची बदलली. श्रीकांतने त्यानंतर काही निवडलं नाही. शहरभर मॉल झाले. गुडगावला काचेच्या इमारतीत साबणाचे इतके प्रकार मांडलेले, की बघून घेरी यावी. तो हाताला येईल ती पहिली वडी उचलतो आणि चालू लागतो. हॉटेलात मेनूच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवतो, मग ती कसलीही असो. फ्रिज घ्यायला गेलो तेव्हा दारातला पहिलाच घेतला. त्याचं दार उलट्या बाजूने उघडायचं, आम्ही इतकी वर्षं वळसा घालून दूध काढलं. मुलं म्हणायची, बाबांना कशाचीच हौस नाही. मला एक हौशी माणूस आठवायचा, मांडीवर बायकोची पर्स घेऊन सायकलरिक्षात बसलेला. तो मला फक्त एक हंगाम मिळाला होता, आणि ज्या दिवसांत तो मिळाला तेच दिवस रशीदभावजींच्या हाताला महाग पडले. मी कितीदा मनाशी म्हटलं, की ते दिवस वाईट होते असं मानावं. मानता येत नाही. आठवले की गोडच लागतात.

आता दिवाळीत फटाक्यांवर बंदी असते, आणि असावीच, हवा तोंडात घेववत नाही. शेड केव्हाच बंद झाली. गेल्या रविवारी रशीदभावजी आणि नसीम आमच्याकडे जेवायला आले होते. पुरुष बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते, आवाज मोठा करून, कारण रशीदभावजींना दुसऱ्या कानानेही आता कमी ऐकू येतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली मेथी निवडत बसलो होतो. नसीम म्हणाली, "भाईजान ने वो मशीन बेच दी. किसी गैराज वाले को. बेयरिंग बिठाने के काम आएगी."

"चांगलं झालं," मी म्हटलं. आमच्यात मी मराठी बोलते, ती हिंदी, आता दोघींना तेच सवयीचं आहे.

पानं खुडता खुडता ती म्हणाली, "उस दिन वो जा नहीं रहे थे, भाभी."

माझे हात थांबले.

"बैठक में नलियाँ-काग़ज़ फैलाकर बैठे थे. आराम से. मेरी बहनें आने वाली थीं. मैंने ही कहा, यह कूड़ा उठाइए यहाँ से, भाईजान के यहाँ जाकर ठोकिए जितना ठोकना है. मैंने कहा था." तिने मान वर केली नाही. "अस्पताल में आप आईं तो मुझसे आपकी तरफ़ देखा नहीं गया. लगा, अभी पूछेंगी कि छुट्टी के दिन अकेले गए क्यों थे."

त्या व्हरांड्यातली फिरवलेली मान मी इतकी वर्षं माझ्याविरुद्धचा निकाल म्हणून सांभाळली होती. माझ्या ओट्यापाशी उभी राहून "मैंने कहा था न" म्हणाली, तेव्हा ती मला सुनावत नव्हती. आपणही एकदा काहीतरी बरोबर बोललो होतो, एवढाच तिला आधार होता.

"तुझा काय दोष त्यात" हे शब्द माझ्या तोंडाशी आले. पण त्यांचा उपयोग होत नाही, हे मी माझ्याच घरात रोज बघते. माझे रविवारही तोंडाशी आले होते. तिने तिचं सांगितलं होतं, आता माझी पाळी होती. मी सांगितलं नाही. तिच्या दुःखाच्या शेजारी माझं सुख कसं मांडायचं, ते मला सुचेना. मी फक्त सरकून तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसले. तिने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले, आणि हाताची माती गालाला लागली.

बाहेरून रशीदभावजींनी हाक मारली, "वहिनी, एकदम गप्प का झालात दोघी?"

"कुछ नहीं जी," नसीम त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेथी में मिट्टी बहुत है."

"मग धुवा की चार पाण्यांनी!" ते ओरडले, आणि पुन्हा मॅचकडे वळले असावेत, कारण लगेच दोघांचंही हसणं ऐकू आलं.

मी उठून परात नळाखाली धरली. नसीमने बाह्या वर सारल्या.